चहाडखोर डबी

४, सोमवार

आज आणखी एक व्हायोलिन परत आलं. पुढच्या फळीचा मधला सांधा इतका उकललेला की आत नख जावं. गेल्या महिन्यातलंही नेमकं तिथेच उकललं होतं. नानांनी ते खिडकीपाशी नेलं, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सरस." बस. लाकूड चिकटवायचा सरस शिजवते मी, लावते मी. पुढचं बोलायची गरजच नव्हती. मी रडले नाही. मोरीत नळ सोडून थोडी रडले, पण ते धरायचं नाही.

वही लिहायला घेतलीच आहे तर नीट लिहावं. नाना म्हणजे माझे सासरे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, शाळेत विज्ञान शिकवायला गेला आणि वाद्यं करायला सून उभी राहिली. कारखान्यात आम्ही दोघंच. कामं वाटलेली आहेत: कोणती फळी मुरली आणि कोणती अजून कच्ची, ते नाना ठरवतात, जोडायची मी. फळी मुरली की नाही हे ते खालच्या ओठाला लावून सांगतात. गार लागली तर आत ओल आहे, ठेवून द्या. नाही लागली तर घ्या. या ओठावर अख्ख्या धंद्याचं नाव उभं आहे. तेव्हा सांधा उकलला तर दोष कुणाचा, हे शेंबडं पोरही सांगेल.

त्यात आता चेलोवाल्या बाईंचं काम आलंय. जन्मभर वाद्यवृंदात वाजवून त्या निवृत्त झाल्या, आता स्वतःसाठी एक चेलो हवाय. "हा माझा शेवटचा, आणि घाई अजिबात नाही," असं हसत म्हणाल्या. नानांनी त्यांच्यासाठी, फळ्या मुरत ठेवतो त्या लाकडाच्या खोलीतली सगळ्यात जुनी फळ्यांची जोडी काढली आहे. तिचा सांधा उकलला तर कारखान्याचं नाव जाईलच, पण मला पुन्हा सरसाच्या भांड्याला कुणी हात लावू देणार नाही. मलाच लावावासा वाटणार नाही.

८, शुक्रवार

नवरा म्हणाला, "नुसतं कुढण्यापेक्षा मोज."

"सरस मोजायचं यंत्र आहे का तुमच्या शाळेत?"

"सरसाचं नाही. हवेचं आहे."

आणि प्रयोगशाळेतून एक पांढरी डबी घेऊन आला. काड्यापेटीएवढी. डेटा लॉगर म्हणतात तिला. खोलीत ठेवून द्यायची, ती दर दहा मिनिटांनी तापमान आणि हवेतली आर्द्रता टिपत राहते. मग कॉम्प्युटरला जोडली की सगळा आलेख काढून दाखवते. समोर एक इवलासा पडदा आहे, त्यावर आत्ताचे आकडे दिसतात. आकडे मुंगीएवढे. मला त्या डबीचा एकदम लोभ सुटला, खरं सांगते. मी सरस लावते तेव्हा हवा काय करत असते, हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

माहितीपत्रक दोनदा वाचलं. सेल घालायचा, बटण दाबून धरायचं, घड्याळ लावायचं, हिरवा दिवा लुकलुकला की काम चालू. खिडकीत ठेवू नये, बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, माणसाच्या श्वासापासून लांब ठेवावी. हे वाचून हसूच आलं. कोण त्या डबीच्या तोंडावर जाऊन श्वास सोडणार आहे? लाकडाच्या खोलीत मधल्या फळ्यांच्या चळतीत, कमरेच्या उंचीवर जागा केली आणि ठेवली.

नाना दारात उभे. "हे काय?"

"खोलीत किती ओल आहे ते लिहून ठेवतं."

"म्हणजे तू नसताना इथे काय झालं ते तुला सांगणार?"

"हो."

"चहाडखोर," म्हणाले, आणि आपल्या खुर्चीकडे गेले. जाता जाता, "ओठ असताना डबी कशाला?" असंही म्हणाले.  सांधे उकलताहेत त्या घरातल्या सुनेने उलट बोलू नये.

१०, रविवार

नवऱ्याने शिकवलं की डबीवर विश्वास ठेवायच्या आधी डबीची परीक्षा घ्यायची. झाकणाच्या बरणीत ओलसर केलेलं मीठ, वर जाळीवर डबी, झाकण घट्ट. मिठाचा लगदा आतली हवा बरोबर पंचाहत्तर टक्क्यांवर आणून ठेवतो, कमी नाही की जास्त नाही. आपलं रोजचं मीठ. मी सकाळपासून त्या बरणीभोवती घिरट्या घालत होते. दुपारी पाहिलं तर चौऱ्याहत्तर. नवरा म्हणाला, इतकं चालतं. मला तर ती माझीच पोर पास झाल्यासारखं वाटलं. परत नेऊन खोलीत ठेवली, घड्याळ पुन्हा लावलं.

नाना चहा पीत बघत होते. चहा इतका कढत की मी कप धरू शकले नसते, आणि ते सरळ तोंडाला लावतात. कोपऱ्यातून थोडा हनुवटीवर ओघळला. "नाना, पुसा," म्हटलं तर रागावले. हल्ली फार चिडतात.

१७, रविवार

पहिला आलेख काढला. हात धुऊन बसले होते, परीक्षेच्या निकालाला बसावं तशी.

एक: खोली दमट आहे. सगळा आठवडा साठच्या वर, कधी पासष्ट. व्हायोलिनच्या लाकडाला पंचेचाळीसच्या आसपास बरं, असं पुस्तकात आहे. नानांना सांगितलं तर म्हणाले, "खोली ठणठणीत आहे. तुझी डबी दमट असेल." बरणीचं सांगितलं. "मीठ दमट असेल," म्हणाले.

दोन: मधेच एकेक उंचवटा आहे. आर्द्रता उडी मारून वर जाते, तापमानही थोडं चढतं, आणि थोड्या वेळात सगळं जागेवर. काही दिवशी आहे, काही दिवशी नाही. आणि वेळ कोणती, तर मध्यरात्र उलटल्यावर दोनच्या सुमाराला. कारखान्याला तेव्हा कुलूप असतं. किल्ली माझ्या उशाशी.

तीन: खोली सगळ्यात गरम असते रात्री, आणि भर दुपारी सगळ्यात गार. याचं जरा नवल वाटलं. मग विचार केला, भिंती जाड आहेत, दुपारचं ऊन झिरपत झिरपत रात्री आत पोचत असेल. हे उत्तर मी स्वतः शोधलं म्हणून मला फारच आवडलं.

१९, मंगळवार

शेजारच्या लाँड्रीवाल्यावर माझा संशय होता. त्याची आणि आमची भिंत एक. रात्री यंत्रं चालवून वाफ आमच्याकडे सोडत असेल. आज दोन चादरी धुवायला टाकायचं निमित्त करून गेले.

"रात्री काम असतं का हो तुमचं?" अगदी सहज विचारलं.

"रात्री मी झोपतो," तो म्हणाला. "तुमच्या नानांच्या रंध्याच्या आवाजाने दिवसा झोप मिळत नाही ना."

म्हणजे तोही नाही. मग उंदीर? पण उंदराने श्वास टाकून टाकून टाकायचा किती. नवऱ्याला म्हटलं, भूत असेल. तो म्हणाला, भुताचं तापमान वाढत नाही. विज्ञानशिक्षकाशी संसार म्हणजे हे असं.

आता डबी दर मिनिटाला टिपेल अशी लावली आहे. दहा मिनिटांच्या फटीतून चोर निसटत असेल तर आता निसटणार नाही.

२२, शुक्रवार

चेलोच्या फळ्या जोडायला मागितल्या. नाना त्या घेऊन कितीतरी वेळ बसले. ओठाला लावली, काढली, पुन्हा लावली, दुसऱ्या टोकाला लावली. मग म्हणाले, "अजून नाही."

"गार लागतेय?"

"अजून नाही म्हटलं ना."

मला कळलं. फळी तयार आहे, पण ती माझ्या हातात द्यायचा त्यांना धीर होत नाही. पूर्वी एकदा लावून फेकल्यासारखी टेबलावर टाकायचे, "घे." आज परत नेऊन चळतीत ठेवली. मी दिवसभर सरसाचं भांडं घासत बसले. घासून घासून त्याचा तळ जाईल एक दिवस.

२४, रविवार

काय लिहू. हसू की रडू.

नवरा नवा आलेख बघत होता. आता उंचवटा रोज आहे, एकही दिवस चुकलेला नाही. तो म्हणाला, "तुमची खोली भर दुपारी गारठते आणि रात्री तापते?" मी माझं भिंतीचं तत्त्वज्ञान ऐकवलं. त्याने शांतपणे विचारलं, "घड्याळ कसं लावलंस?" दुपारी तीनला लावलं होतं, तीन घातले. "पंधरा घालायचे होते, बाईसाहेब."

माझी रात्र म्हणजे दिवस आणि दिवस म्हणजे रात्र. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही. लाँड्रीवाल्याकडे उगाच चादरी टाकल्या, आणि त्या मळलेल्याही नव्हत्या.

म्हणजे उंचवटा भर दुपारी येतो. मी घरी जेवायला जाते तेव्हा. नाना डबा आणतात, खुर्चीतच जेवतात आणि तिथेच डुलकी काढतात.

२५, सोमवार

घड्याळ नीट लावलं. नानांना विचारलं, "मी जेवायला जाते तेव्हा लाकडाच्या खोलीत काही आवाज होतो का? ठिबकल्याचा वगैरे?"

"मला काय माहीत. मी झोपलेला असतो."

"रोज तुम्ही झोपलात की खोलीतली ओल एकदम वर जाते. हे बघा." आलेख छापून आणला होता, दाराशेजारी खिळ्याला लावला. प्रत्येक उंचवट्यावर लाल पेन्सिलीने गोल केला आहे. नानांनी चष्मा वर केला, खाली केला. बराच वेळ पाहिलं. काहीतरी बोलतील असं वाटलं. "चहाडखोर," एवढंच म्हणाले.

मग मी भिंत तपासली, आणि सापडली की. लाँड्रीच्या बाजूला, खाली कोपऱ्यात, बोटभर लांब चीर. दुपारी त्याची यंत्रं जोरात असतात. खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरून चीर बुजवली. हातपाय मळले, पण जीव थंड झाला.

३०, शनिवार

जिंकले. पाच दिवसांत एकही उंचवटा नाही. दुपारची रेघ इस्त्री केल्यासारखी सरळ. नवऱ्याला म्हटलं, बघ, लांबी भरली आणि रोग गेला. तो म्हणाला, "पण आर्द्रता अजून बासष्टच आहे." याचा स्वभावच असा, जेवण झालं की मीठ कमी होतं म्हणणारा.

नाना मात्र जास्तच बिनसलेत. दुपारी मी परत येते तेव्हा खुर्चीत ताठ बसलेले असतात, झोपेचा मागमूस नाही. लाकडाच्या खोलीकडे पाठ करून. चेलोवाल्या बाईंचा निरोप आला, काम कुठवर आलं? नाना म्हणाले, "सांग, लाकूड मुरतंय." इतकी वर्षं मुरलेलं लाकूड.

२, मंगळवार

आज कळलं.

डबीच्या सेलचं चिन्ह लुकलुकतंय का बघायला खाली वाकले. चष्मा टेबलावर राहिलेला, म्हणून नाक पार डबीला लावलं. आकडा दिसला, एकसष्ट. चिन्ह शोधेपर्यंत चौसष्ट. मग एकोणसत्तर. तापमानही अर्ध्या अंशाने चढलं. मी दचकून मागे झाले. तशी आर्द्रता हळूहळू उतरायला लागली. पुन्हा वाकले, श्वास सोडला. पुन्हा चढली.

मी तिथेच जमिनीवर बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माहितीपत्रकात लिहिलेलं होतं, मी त्याला हसले होते.

रोज दुपारी, मी गेले की, नाना येऊन या मुंगीएवढ्या आकड्यांवर वाकत होते. आणि मी लाल गोल करून आलेख भिंतीवर टांगला, त्या दिवसापासून येणं बंद.

पण चहाडखोर म्हणायचं त्याच डबीशी रोज जाऊन काय बोलायचं असेल त्यांना? हे मनाशी विचारलं आणि एकदम सगळं माझ्या डोक्यात ओळीने उभं राहिलं. गेल्या हिवाळ्यात त्यांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, होईल बरं. तोंड सरळ झालं, आम्ही आनंदाने विसरून गेलो. त्यांना धूर नको म्हणून त्याच वेळी लाकडाच्या खोलीतली शेगडी काढली, तीही परत ठेवली नाही. तेव्हापासून खोली ओलावत गेली असणार. पूर्वी हे सगळ्यात आधी त्यांच्या ओठाला कळलं असतं. आणि कढत चहा. आणि हनुवटीवरचा ओघळ.

ओठाला काही लागतच नाही.

आधी वाईट वाटलं. मग राग आला, आणि तो जास्त वेळ टिकला. दोन्ही व्हायोलिनांच्या वेळी ते "सरस" म्हणाले. मी माझ्या हातांना दोष देत भांडी घासत राहिले आणि ते बघत राहिले. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आपलेच दात, आपलेच ओठ. काय करणार." त्याला वाटलं तो काही शहाणपणाचं बोलला. मी ताट जरा आपटूनच वाढलं.

४, गुरुवार

राग आहे अजून. पण तो घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायला गेले की ते खुर्चीत ताठ बसलेले दिसतात, आणि मी परत फिरते. सांगून टाकलं तर बरं वाटेल मला. त्यांना काय वाटेल?

भिंतीवरचा आलेख काढून टाकला. नक्षी कोरताना लावतात ते मोठं भिंग दोरी बांधून डबीशेजारी टांगलं. खाली स्टूल ठेवलं. जेवायला निघताना मोठ्याने म्हटलं, "आज मला यायला उशीर होईल हं."

नानांनी वर पाहिलं नाही.

५, शुक्रवार

दुपारी परत आले तर नाना लाकडाच्या खोलीत स्टुलावर बसलेले. हातात भिंग. लपवलं नाही.

"केली ना चहाडी तिने?"

"केली."

 लाँड्रीची यंत्रं तेवढी घरघरत होती.

"लाकूड लावलं काय आणि वीट लावली काय, सारखंच," ते म्हणाले. "वाटलं होतं, येईल परत. तू जेवायला गेलीस की फळी लावायचो, मनात म्हणायचो, आज कोरडं. मग डबीत बघायचो. म्हटलं, एकदा तरी जुळेल."

"जुळलं?"

"एकदाही नाही."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर मग मी इथे काय करायचं होतं? झाडू मारायचा?"

 पण माझं राहिलेलं होतं, ते मी विचारलं. आवाज चढला माझा, चढू दिला. "आणि सरस?"

त्यांनी भिंग दोरीला परत लावलं. दोनदा सुटलं, मग लागलं. "तुझा सरस चांगला होता. दोन्ही वेळेला. सांध्यावर अंगठा फिरवला तेव्हाच कळलं होतं. अंगठा अजून शाबूत आहे माझा." मग म्हणाले, "चुकलो गं."

गेल्या इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. राग गेला असं नाही. पण त्याची धार गेली.

१३, शनिवार

सगळं लाकूड वर माळ्यावर चढवलं, नवऱ्यालाही जुंपलं. माळा कोरडा आहे, डबीने आधी तीन दिवस राहून खात्री करून दिली. चेलोवाल्या बाईंना नानांनी स्वतः निरोप दिला: लाकडात ओल शिरली, माझ्या लक्षात आलं नाही, थांबावं लागेल. बाई म्हणाल्या, थांबते की.

मी एकच फळी मुद्दाम खालच्या खोलीत ठेवली. नानांनी सांगितलं म्हणून. कशाला ते सांगितलं नाही.

२७, शनिवार

आज सांगितलं. खालची ती फळी वर माळ्यावर आणली, माळ्यावरची एक काढली आणि दोन्ही माझ्यापुढे धरल्या.

"ओठाला लाव."

"मी?"

"मग काय लाँड्रीवाल्याला बोलावू?"

लावल्या. दोन्ही सारख्याच लागल्या. तसं सांगितलं तर म्हणाले, "चहाचा कप लावतेस तशी लावू नकोस. दाबायची नाही. नुसती टेकव आणि गप्प राहा. डोळे मीट." पुन्हा लावली. पुन्हा सारख्याच. "फार बोलतेस मनातल्या मनात," म्हणाले. ते खरंच होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. जेवण राहिलं. नानांनी फळ्या मागे नेऊन अदलाबदल करून आणायच्या, मी लावायच्या, चुकायचं. मग एकदा डाव्या हाताची टेकवली आणि ओठाच्या आतल्या बाजूला काहीतरी हललं. गार म्हणता येणार नाही इतकं थोडं गार. रिकाम्या घरात शिरल्यावर लागतं तसं.

"ही," मी म्हटलं. "ही कच्ची आहे."

नानांनी विचारलं, "नक्की?" त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून फळ्या बदलल्या होत्या, म्हणाले, नाहीतर माझ्या तोंडाकडे बघून ओळखशील. फळीच्या मागे खडूची खूण केलेली होती. आम्ही दोघांनी उलटवून पाहिलं. खालच्या खोलीतलीच होती.

 नानांनी फळी घेतली, स्वतःच्या ओठाला लावली, तशीच धरून थोडा वेळ बसले, आणि मग माझ्या हातात दिली. "घे," म्हणाले.

डबी माळ्यावर आमच्याच शेजारी होती. संध्याकाळी तिचा आलेख काढला. दुपारचा उंचवटा परत आलाय, आणि पूर्वीच्या सगळ्यांपेक्षा उंच आहे. लाल पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला लिहिलं: दोघं होतो.